सीलच्या फुप्फुसातले जंत आणि आपला किनारा

अरबी समुद्रात सील राहत नाहीत. सील आणि समुद्रसिंह म्हणजे सी लायन हे बहुतेक करून थंड पाण्याचे प्राणी. कॅलिफोर्निया, पेरू, चिली, उत्तर युरोप, अंटार्क्टिका अशा ठिकाणी खडकांवर, वाळूवर, बर्फावर त्यांच्या वसाहती असतात. मग त्यांच्या आजारांबद्दल मुंबईकरांनी का वाचायचं? कारण हे प्राणी ज्या रोगांनी किनाऱ्याला लागतात, त्यातले कितीतरी आपल्या गल्लीतले आहेत. मी पशुवैद्यक आहे. माझ्या दवाखान्यात कुत्री येतात, मांजरं येतात. लेप्टो, डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूमुळे होणारा जीवघेणा रोग), अंकुशकृमी ही नावं मी केसपेपरवर सतत लिहीत असतो. तीच नावं पॅसिफिकच्या काठावर मेलेल्या सी लायनच्या शवविच्छेदन अहवालात वाचली की जमीन आणि समुद्र यांच्यामधली रेघ किती पुसट आहे ते कळतं.

दुसरं कारण आपल्याच वाळूवर आहे. पावसाळ्यात वारं समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागलं की जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई, कुठे ना कुठे मेलेला डॉल्फिन किंवा पोरपॉइज (डॉल्फिनचा छोटा भाऊबंद) लागतो. जानेवारी 2016 मध्ये जुहूला ब्राइड्स जातीचा देवमासा लागला, तेव्हा बघायला ही गर्दी लोटली होती. अशा गर्दीत प्रत्येकाकडे कारण तयार असतं: प्लास्टिक खाल्लं, जहाजाने ठोकलं, पाणी घाण झालं. यातलं एखादं खरंही असेल. पण प्राणी कशाने मेला हे तो उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि उघडल्यावर जे दिसतं ते वाचताही यावं लागतं. हे वाचन आपण सर्वांत जास्त शिकलो ते सील आणि सी लायनकडून.

त्याचं कारण सरळ आहे. डॉल्फिन आजारी पडला तर तो पाण्यातच असतो, आणि आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा कुजलेल्या अवस्थेत. सील मात्र विश्रांतीला, विणीला, कात बदलायला जमिनीवर येतात आणि आजारी पडले तरी जमिनीवरच येतात, जिवंतपणी. त्यांचं रक्त काढता येतं, विष्ठा तपासता येते, औषध देऊन परिणाम बघता येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॉसलिटो इथे 1975 मध्ये सुरू झालेलं मरीन मॅमल सेंटर वर्षाला शेकडो असे प्राणी उचलून आणतं. तिथल्या आणि तशा इतर केंद्रांतल्या काही दशकांच्या नोंदींमधून आपली बरीचशी माहिती आली आहे. (सील आणि सी लायन यांतला फरक ओळखायचा तर कान बघावेत. सी लायनला बाहेर छोटे कान असतात आणि तो पुढच्या वल्ह्यांवर, म्हणजे वल्ह्यांसारख्या पायांवर, उठून चालतो. सीलला बाहेरचे कान नसतात, तो पोटावर सरपटतो.)

जंत सगळ्यांनाच असतात

पहिली गोष्ट आधी नीट समजून घेऊ. रानटी सीलच्या अंगात जंत सापडणं ही बातमी नाही. धडधाकट, वजनदार, पिल्लं वाढवणाऱ्या सीलच्या पोटातही जंत असतात, नाकात माइट म्हणजे गोचिडीच्या कुळातले बारीक जीव असतात, केसांत उवा असतात. परजीवी हा जुन्या चाळीतल्या पागडीच्या भाडेकरूसारखा असतो. घर पडलं तर त्याचंही छप्पर जातं, त्यामुळे घर उभं राहण्यातच त्याचं हित असतं. हजारो वर्षं एकमेकांसोबत राहिलेल्या यजमान आणि जंत यांच्यात एक प्रकारचा समझोता झालेला असतो. प्रश्न असा विचारायचा असतो की हा समझोता आत्ता, या प्राण्यात, का मोडला?

तो मोडतो कसा, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे ओटोस्ट्रॉन्जिलस नावाचा फुप्फुसातला जंत. चांगला बोटाएवढा लांब, पांढरा. त्याच्या अळ्या सीलच्या विष्ठेतून समुद्रात पडतात, तळाजवळच्या माशांत शिरतात, तो मासा दुसऱ्या सीलने खाल्ला की त्याच्या फुप्फुसात पोचतात. हार्बर सील या लहानखुऱ्या जातीत हा जंत श्वासनलिकांमध्ये पूर्ण वाढतो. सील खोकतो, काही वेळा न्यूमोनियाने मरतोही, पण बरेच सील निभावून नेतात. हाच जंत उत्तरेकडच्या हत्ती सीलच्या पिल्लात गेला की गोष्ट वेगळी होते. जंत अजून वयात आलेलेही नसतात, अंडी घालायची तर बातच नाही, तोच फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमध्ये भयंकर सूज येते, रक्ताच्या गाठी होतात, सगळ्या शरीरातली रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. पिल्लू मरतं, जंतही मरतो. म्हणजे दोघांनाही काही मिळालं नाही. या जंताची आणि हत्ती सीलची जुनी ओळख नसावी असं अभ्यासकांना वाटतं ते यामुळेच.

यात वयाचाही भाग आहे. हत्ती सीलची आई पिल्लाला जेमतेम चार आठवडे पाजते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लू पुढचे दोनेक महिने अंगातल्या चरबीवर किनाऱ्यावरच काढतं आणि मग कोणी न शिकवता पाण्यात उतरतं. मोठे हत्ती सील किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात खातात. नवशिकं पिल्लू जवळपास मिळेल ते खातं, आणि जवळच्या तळच्या माशांतच अळ्या असतात. म्हणून या जंताचे बळी जवळजवळ सगळे एक वर्षाच्या आतले.

सी लायनच्या फुप्फुसातला जंत निराळा, पॅराफिलारॉइडिस. केसासारखा बारीक. त्याचा प्रवास ऐकून किळस येईल, पण निसर्गाने काय साखळी जुळवली आहे याचं नवलही वाटेल. सी लायन खोकतो, अळ्या घशात येतात, गिळल्या जातात, विष्ठेतून बाहेर पडतात. कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर ओपलआय नावाचा मासा आहे, तो ही विष्ठा खातो. मग ते मासे कोवळे सी लायन खातात, कारण किनाऱ्यालगत पकडायला ते सोपे. झालं वर्तुळ पूर्ण. ज्या वर्षी दूरच्या पाण्यातली मासळी कमी होते, त्या वर्षी अशक्त, भुकेलं पोर किनाऱ्याजवळच घोटाळत राहतं. भूक आणि जंत एकाच दारातून आत येतात.

अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म. आपल्याकडे अनवाणी चालणाऱ्या माणसांना तो पायातून होतो, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. सी लायन आणि त्याचा भाऊबंद फर सील यांच्यात त्याने काढलेला मार्ग अजब आहे. वाळूतल्या अळ्या मोठ्या प्राण्याच्या अंगात शिरतात, पण आतड्यात वाढत नाहीत. चरबीत आणि स्नायूंत गपगार पडून राहतात. मादी व्यायली की त्या जाग्या होतात, तिच्या दुधात उतरतात आणि पिल्लाच्या अगदी पहिल्या पाजण्याबरोबर त्याच्या आतड्यात पोचतात. प्रौढ अंकुशकृमी फक्त तान्ह्या पिल्लातच सापडतो, तोही काही महिने. तो आतड्याची भिंत चावून रक्त पितो, अंडी विष्ठेतून वाळूत जातात, पुढच्या वर्षासाठी अळ्या तयार. नरात शिरलेल्या अळ्यांना पुढे वाटच नसते. दाट वसाहतीत यामुळे पुष्कळ पिल्लं रक्तक्षयाने दगावतात, कधी आतड्याला भोक पडून जंतुसंसर्गाने. इथे माणसाचा काही दोष नाही. हे त्यांच्यात फार जुनं आहे.

उवांबद्दल थोडंसं सांगायलाच हवं. कीटक जगभर पसरले, पण खुल्या समुद्रात त्यांना जवळपास जागा मिळाली नाही. सीलच्या उवा हा त्याला अपवाद. हत्ती सील 2,000 मीटरपेक्षा खोल बुडी मारतो, त्याच्या अंगावरची ऊ सोबत जाते, तो प्रचंड दाब सोसते आणि जिवंत वर येते. तिची वीण मात्र सील जमिनीवर असतानाच होते. ऊ नुसती खाज आणते असंही नाही. हार्बर सीलमध्ये हृदयात राहणारा एक जंत आहे, तो एका सीलमधून दुसऱ्यात जातो तो उवेमार्फत असं मानतात. कुत्र्यांमध्ये हृदयातला जंत डासांमुळे पसरतो. समुद्रात डास नाहीत, तर ते काम उवेने उचललं.

सी लायनच्या नाकात आणि फुप्फुसात माइट असतात. ते शिंकेतून आणि नाकाला नाक लावण्यातून पसरतात. थोडे असले तर काही बिघडत नाही, खूप झाले की नाक वाहतं, श्वास घ्यायला त्रास होतो.

आणि पोटातले जंत. ॲनिसाकिस, कॉन्ट्रासीकम, स्यूडोटेरानोव्हा अशी यांची नावं. अंडी समुद्रात, तिथून झिंग्यासारख्या बारीक जिवांत, तिथून माशांत, माशांतून सीलच्या किंवा डॉल्फिनच्या जठरात. एखाद्या ठिकाणी गुच्छच्या गुच्छ जठराच्या भिंतीत तोंड खुपसून बसतात आणि तिथे व्रण होतो. व्रण खोल गेला तर रक्तस्राव. इथपर्यंत वाचल्यावर मासेखाऊ मुंबईकराच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही मासे प्रिय आहेत. हो, या जंतांच्या अळ्या माशांत असतात, आपल्या समुद्रातल्या माशांतही. आणि कच्चा मासा खाल्ला तर माणसाच्या पोटात त्या काही काळ जिवंत राहून भयंकर दुखणं आणू शकतात. पण कालवणात उकळलेला किंवा तव्यावर नीट तळलेला बांगडा निर्धोक आहे. मासा आतपर्यंत 63 अंशांना शिजला की अळी मरते. कच्चा मासा खाण्याची हौस असेल तर तो आधी उणे 20 अंशांत सात दिवस गोठवलेला असायला हवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड असेलच याचा भरवसा नाही, म्हणून घरी आणलेली मासळी शिजवूनच खावी.

लेप्टो

आता त्या आजाराकडे येऊ, ज्याचं नाव मुंबईत पोराटोरांना माहीत आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरलं आणि मागोमाग लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तेव्हापासून दर पावसाळ्यात महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून हा जिवाणू पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून आत शिरतो. मूत्रपिंड आणि यकृत ही त्याची मुख्य लक्ष्यं.

कॅलिफोर्नियाच्या सी लायनमध्ये हा रोग पहिल्यांदा 1970 मध्ये ओळखला गेला. त्यांच्यातला जिवाणू लेप्टोस्पायरा इंटरोगान्स, त्यातला पोमोना हा प्रकार. जुलै ते डिसेंबर हा त्याचा हंगाम, आणि दर काही वर्षांनी मोठी साथ. आजारी सी लायन बघितल्याबरोबर ओळखता येतो. तो पुढची वल्ही पोटाशी घट्ट धरून दुमडून बसतो, कारण पोट दुखत असतं. आणि तो पाणी पितो. हे मला फार हृदयद्रावक वाटतं. निरोगी सी लायनला वेगळं पाणी प्यावंच लागत नाही, माशांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर त्याची मूत्रपिंडं काम भागवतात. मूत्रपिंडं निकामी झाली की अंगातलं पाणी टिकत नाही, आणि समुद्रात जगणारा प्राणी गोड्या पाण्याच्या डबक्याशी जाऊन तहान भागवू पाहतो. सलाईन आणि प्रतिजैविकं देऊनही उपचारगृहात आणलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश दगावतात.

यात खरी शिकण्यासारखी बाजू पुढची आहे. बऱ्याच सी लायनमध्ये हा जिवाणू काही लक्षण न दाखवता आठवडे, कधी महिने, मूत्रपिंडात राहतो आणि लघवीतून बाहेर पडत राहतो. म्हणजे रोग त्यांच्या समूहातच टिकून राहतो, दर वेळी जमिनीवरून यायची गरज नाही. मग 2013 मध्ये तो जवळजवळ नाहीसाच झाला, आणि 2017 मध्ये परत उगवला. त्याच काळात तिथला समुद्र असाधारण तापला होता, मासळीचं गणित बिघडलं होतं, पिल्लं उपाशी मरत होती. सी लायनची संख्या, वयाची रचना, कोण कुठे जातं, कोणाच्या रक्तात आधीची प्रतिकारशक्ती आहे, हे सगळं बदललं की साथ बदलते. आपल्याकडेही लेप्टो म्हटलं की नुसता उंदरांचा विचार करून भागत नाही. पाणी किती साचलं, किती दिवस राहिलं, माणसं कोणत्या पायांनी त्यातून गेली, हे सगळं मोजावं लागतं.

जमिनीवरून समुद्रात गेलेले रोग

डिस्टेंपरने माझ्या डोळ्यांदेखत पुष्कळ कुत्र्याची पिल्लं गेली आहेत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी 2018 चं गीर आठवावं, तिथे वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले आणि त्यांच्यात हाच विषाणू सापडला. 1987-88 मध्ये सैबेरियातल्या बैकाल सरोवरातले सील आणि 2000 मध्ये कॅस्पियन समुद्रातले सील हजारोंनी मेले, ते कुत्र्यांच्याच डिस्टेंपरने. उत्तर युरोपात 1988 मध्ये अशीच साथ आली तेव्हा सुरुवातीला तोच संशय होता. नंतर कळलं की हा विषाणू त्याचा भाऊबंद आहे, पण वेगळा. त्याला सीलचाच डिस्टेंपर असं नाव मिळालं. त्या साथीत सुमारे 18,000 हार्बर सील गेले. 2002 मध्ये पुन्हा आली, तेव्हा 20,000 हून अधिक. दोन्ही वेळा पहिले बळी डेन्मार्कच्या आनहोल्ट बेटावर सापडले. मधल्या चौदा वर्षांत काय झालं? पहिल्या साथीतून वाचलेले सील म्हातारे होऊन गेले आणि तो रोग कधीच न पाहिलेली नवी पिढी किनाऱ्यांवर भरली. गोवर लसीकरण ढिलं पडल्यावर जे माणसांत होतं तेच हे. हा विषाणू गोवराच्याच कुळातला आहे.

टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय जीव. त्याचं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्याच्या आतड्यात होतं. नव्याने लागण झालेलं एक मांजर आठवड्या-दोन आठवड्यांत लाखो बीजकोष विष्ठेतून टाकतं. पावसाने ते गटारात, गटारातून समुद्रात, आणि समुद्रात ते महिनोन्‌महिने जिवंत राहतात. हवाई बेटांवरच्या मंक सीलची एकूण संख्या सुमारे 1,600. त्यातले डझनाहून अधिक सील 2001 पासून या रोगाने मेल्याचं सिद्ध झालं आहे. ज्या जातीत मोजून एवढेच प्राणी उरलेत, तिथे एक मेलेली मादी म्हणजे तिच्या पुढच्या सगळ्या पिल्लांचं नुकसान. मी मांजरांचा डॉक्टर आहे, मांजरांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच सांगतो: घरच्या मांजराची विष्ठा संडासात किंवा नाल्यात टाकू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

बर्ड फ्लूचा एच-फाइव्ह-एन-वन विषाणू 2022 च्या शेवटी पेरूच्या किनाऱ्यावर पोचला. राणीच्या बागेत आपण जे हंबोल्ट पेंग्विन बघतो, त्या जातीचं मूळ घर तोच किनारा. पक्षी मेले, पाठोपाठ सी लायन. पेरू आणि चिलीमधून तो दक्षिण टोकाला वळसा घालून अर्जेंटिनात आला, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती सीलची सुमारे 17,000 पिल्लं मेली. त्या हंगामात जन्मलेल्यांपैकी 95 टक्क्यांहून जास्त. इतक्या झपाट्याने पसरताना तो सीलकडून सीलकडे जाऊ लागला असावा, असं दिसतं. 2024 मध्ये केप टाउनच्या आसपास फर सीलमध्ये रेबीज सिद्ध झाला. समुद्री सस्तन प्राण्यांत रेबीज असा पसरल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. पेरूमध्ये सापडलेल्या, युरोपीय लोक यायच्या आधीच्या, सुमारे हजार वर्षं जुन्या मानवी सांगाड्यांमध्ये क्षयाचा जिवाणू मिळाला. 2014 मध्ये त्याची जनुकं वाचली गेली, तर तो सील आणि सी लायनमधल्या क्षयाच्या जिवाणूच्या सर्वांत जवळचा निघाला. म्हणजे तिथल्या माणसांना क्षय सीलनी दिला होता.

मग मेला कशाने?

समजा किनाऱ्यावर एक तरुण सी लायन मेला. पोटात जंत, जठरात व्रण, फुप्फुसात न्यूमोनिया, अंगावर चरबीचा थर पातळ. कारण काय लिहायचं? नवशिका लिहील जंत, कारण ते डोळ्यांना दिसतात. अनुभवी माणूस आधी चरबी मोजतो. चरबी जाड असेल तर प्राणी परवापर्यंत खात होता, म्हणजे काहीतरी अचानक झालं. पातळ असेल तर तो आठवडे उपाशी होता, आणि जंत मागाहून बळावले असणार. मग मूत्रपिंडं, मग मेंदू. 1998 मध्ये मॉन्टेरीच्या किनाऱ्यावर 400 हून अधिक सी लायन मेले, कित्येकांना झटके येत होते, माना वळवळत होत्या. जंतू नव्हताच. समुद्रातल्या एका सूक्ष्म शेवाळाने तयार केलेलं डोमोइक ॲसिड अँचोव्हीमध्ये, म्हणजे मांदेलीच्या गोतातल्या माशात, साठलं होतं आणि त्याने मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग जळाला होता. त्यातल्या कित्येकांच्या पोटात जंतही असतील. ते जंत मोजून काही कळलं नसतं.

आणि काही कारणं फार मागची असतात. कॅलिफोर्नियाच्या प्रौढ सी लायनमध्ये जननमार्गाचा कर्करोग असाधारण प्रमाणात सापडतो. त्यात एका हर्पिस विषाणूचा हात आहे, पण ज्यांच्या चरबीत पीसीबी आणि डीडीटीसारखी जुनी रसायनं जास्त आहेत त्यांना तो जास्त होतो. त्यातल्या बहुतेक रसायनांवर 1970 च्या दशकातच बंदी आली. चरबीत ती अजून आहेत.

आपल्या किनाऱ्यावर

आता मुंबईकडे. इथे सापडतात ते मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन आणि पाठीवर पर नसलेले पोरपॉइज. त्यांचेही भाडेकरू ठरलेले. पूर्व आशियातल्या पोरपॉइजच्या फुप्फुसात हॅलोसर्कस हा जंत सर्रास मिळतो. डॉल्फिनच्या चरबीत, विशेषतः शेपटीकडच्या भागात, तांदळाएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात. त्या फीतकृमीच्या अळ्या असतात आणि डॉल्फिन शार्कच्या पोटात जाण्याची वाट पाहत असतात, कारण तो कृमी वाढतो शार्कमध्ये. वाळूवर कापलेल्या डॉल्फिनमध्ये कोणाला अशा गाठी दिसल्या तर तो याला कॅन्सर झाला होता असं छातीठोकपणे सांगेल. हे ओळखायला अशी शवं रोज बघणारा माणूस हवा.

असा माणूस आपल्याकडे घडवायचा, तर प्रत्येक ताजं शव उघडलं गेलं पाहिजे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. राज्याच्या वनखात्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतो. माणसं आहेत, जिव्हाळाही आहे. अडचण वेळेची आहे. आपल्या उन्हात चोवीस तासांत मूत्रपिंडाचा लगदा होतो, मेंदू पातळ होतो. फुगलेलं शव किनाऱ्यावर पडलं की वास येतो, तक्रारी येतात, जेसीबी येतो आणि खड्डा खणून ते पुरलं जातं. लोकांच्या आरोग्यासाठी ते बरोबरही आहे. पण त्याआधीचा एक तास मिळाला, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांचे बोटभर तुकडे फॉर्मलिनमध्ये आणि दुसरे बर्फात गेले, तर दहा वर्षांनी आपल्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी असेल. नाल्यांतून जे समुद्रात जातं त्यातलं डॉल्फिनपर्यंत काय पोचतं, हे मला फार जाणून घ्यायचं आहे. आज त्याला अंदाजाने उत्तर देणं मला पटत नाही.

तो तास मिळवून देणं तुमच्या हातात आहे. मेलेला किंवा जिवंत, कोणताही समुद्री सस्तन प्राणी किनाऱ्यावर दिसला की वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे दात, हाड, कातडं काही घेऊ नका. जिवंत असेल तर पाण्यात ढकलू नका. तो आजारी म्हणूनच आला आहे, पुन्हा लोटलात तर बुडेल. ओलं फडकं अंगावर घाला, सावली करा, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. कुत्री आणि मुलं लांब ठेवा. त्याच्या उच्छ्वासासमोर तोंड नेऊ नका, उघड्या हाताने हात लावू नका, अंगावर जखम असेल तर मुळीच नाही. मेलेला असेल तर बाजूने एक पूर्ण फोटो काढा, शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे लांबी काढता येईल. दुसरा फोटो तोंडाचा, दात दिसतील असा. तिसरा पोटाकडून, नर की मादी ते कळेल असा. आणि फोनवर सांगा की तुम्ही किती वाजता पाहिलात, भरती होती की ओहोटी, आणि अंग फुगलं होतं की नाही.